मुडदे पडले, पण चिमटा कुणालाच बसला नाही

सुरुवातीलाच सांगून टाकतो, 'देवमाणूस' ही मालिका भिकार होती. भिकार म्हणजे कशी, तर रात्री साडेदहाला सुरू व्हायची आणि अकरा वाजेपर्यंत एक बाई अंगणातून पडवीत यायची, बस्स. तेवढ्यात तीनदा ढोल वाजायचे. कॅमेरा डॉक्टरच्या तोंडावर डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, मग काही राहिलं असेल म्हणून पुन्हा डावीकडून जायचा. डॉक्टर चष्म्यातून बघायचा. आपणही बघायचो. आणि उद्याच्या भागात ती बाई पडवीतून परत अंगणात!

तरी पाहिली. तुम्हीही पाहिलीत, उगाच नाही म्हणू नका. नेटफ्लिक्सवरच्या स्कँडिनेव्हियन खुनांवर मेसच्या टेबलावर प्रवचन झोडणारे आमच्या विंगमधले दोन विद्वान सरू आजीच्या म्हणी पाठ म्हणून दाखवतात. आता त्या काही डेन्मार्कहून आल्या नसणार.

ज्यांना खरंच माहीत नाही (नवीन फर्स्ट इयर, आणि टीव्ही बघत नाही असं सांगणारे स्टाफ मेंबर) त्यांच्यासाठी थोडक्यात. 31 ऑगस्ट 2020 ला झी मराठीवर ही मालिका सुरू झाली आणि 15 ऑगस्ट 2021 ला संपली. एका खेड्यात डॉ. अजितकुमार देव नावाचा गृहस्थ दवाखाना चालवतो. हसतमुख, नम्र, अडल्यानडल्याला धावून जाणारा. गाव त्याला देवमाणूस म्हणतं. प्रत्यक्षात तो डॉक्टर नाहीच, मूळचा कंपाउंडर. बायकांना जाळ्यात ओढायचं, त्यांचे पैसे-दागिने काढायचे आणि मग त्यांचाच काटा काढायचा, हा त्याचा खरा धंदा. किरण गायकवाडने काम झकास केलं, त्याबद्दल वाद नाही. 'लागिरं झालं जी'मधला भैय्यासाहेब तो हाच, हे पहिले चार भाग लक्षातही येत नाही. मग डिसेंबर 2021 मध्ये दुसरं पर्व आलं आणि जून 2025 मध्ये 'मधला अध्याय' नावाने तिसरं. म्हणजे लोकांना आवडलंच.

माझी तक्रार मालिका भिकार होती ही नाही. भिकार गोष्टी बघण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, सबमिशनच्या आठवड्यात तर तो मूलभूत हक्क असायला हवा. तक्रार अशी आहे की मराठी टीव्हीच्या हातात गेल्या कित्येक वर्षांत इतका नामी उपहासाचा विषय पडला नव्हता, आणि त्यांनी त्याचं काय केलं? ढोल वाजवले.

विषय बघा ना. एक माणूस डॉक्टर नाही. गावाला डॉक्टर हवाय. तो म्हणतो मी डॉक्टर आहे, गाव म्हणतं बरं झालं बाबा. इथपर्यंत एकही खून झालेला नाही, आणि तरी अर्धी गोष्ट सांगून झाली आहे! ही गोष्ट मराठीला नवी नाही. पु. लं.चं 'अंमलदार' आठवा. गोगोलच्या रशियन नाटकावरून त्यांनी ते मराठीत आणलं. गावात एक भणंग तरुण येतो, लोक त्याला बडा अंमलदार समजतात आणि त्याच्यापुढे लोटांगण घालतात. त्या नाटकात आपण त्या तोतयाला हसतो, पण थोडंच. खरं हसतो ते लोटांगण घालणाऱ्यांना. तोतया अंमलदार उभा राहतो तो गावातल्या खऱ्या अंमलदारांच्या पापांवर. त्यांच्या पोटात पाप नसतं तर ते त्याला घाबरलेच नसते.

हेच गणित 'देवमाणूस'ला लावून बघा. तोतया डॉक्टर कशावर उभा राहतो? खऱ्या डॉक्टरच्या गैरहजेरीवर. कागदावर आपल्याकडे हिशेब चोख आहे. सपाट भागात 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्र 5,000 आणि 3,000 मागे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्याला एक वर्ष सेवा द्यायचा बाँड असतो, नाही दिली तर दंड. शिवाय महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम 1961, त्याचं कलम 33, नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर तुरुंग. शिवाय बोगस डॉक्टर शोधायला जिल्ह्याला समिती, तालुक्याला समिती. एवढं सगळं असताना अजितकुमारसारखा माणूस बिनघोर दवाखाना थाटून बसतो, तर यात विनोद कुठे दडलाय हे सांगायला लेखक कशाला लागतो? एखादा भाग तर नुसता त्या समितीवर काढता आला असता. समिती बोगस डॉक्टर शोधायला गावात येते. ऊन मी म्हणतंय. अध्यक्षांना घेरी येते. त्यांना उचलून कुठे नेणार? गावात दवाखाना एकच. डॉक्टर बीपी तपासतात, लिंबूपाणी देतात, पैसे घेत नाहीत. समिती शेऱ्यात लिहिते, गावात बोगस डॉक्टर आढळून आला नाही, आरोग्यसेवा समाधानकारक. घ्या, बावीस मिनिटं झाली. ढोलसुद्धा लागले नाहीत.

आता कुणी म्हणेल, लेका, तू खुनाच्या मालिकेत विनोद शोधतोयस. होय, शोधतोय, कारण ज्या प्रकरणावरून ही मालिका सुचली असं सगळीकडे बोललं गेलं, त्या प्रकरणातच तो ठासून भरला होता. सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोमचं हे प्रकरण ऑगस्ट 2016 मध्ये उघडकीला आलं. डॉक्टर म्हणवणाऱ्या एकाला अटक झाली. 2003 ते 2016 या काळात सहा जणांचे खून केल्याचा आरोप, त्यात पाच बायका. त्या वेळच्या बातम्यांत दोन गोष्टी अशा होत्या की वाचून मी पेपर खाली ठेवला. एक, त्याच्याकडे होती ती इलेक्ट्रोपॅथीची पदवी. दोन, भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करणारा, माहितीचा अधिकार वापरणारा कार्यकर्ता म्हणून त्या भागात त्याचा दरारा होता. आता हे सुचायला तेंडुलकरच हवेत! ज्याच्यावर खुनाचे आरोप, तोच व्यवस्थेला जाब विचारत फिरतोय, आणि व्यवस्था त्याला टरकून आहे, कारण तिचेही हात स्वच्छ नाहीत. पुन्हा 'अंमलदार'.

मालिकेने यातलं उचललं काय? इंजेक्शन आणि पुरलेले मुडदे.

एक घरातली गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मला हा विषय एवढा का लागलाय ते कळायचं नाही. 'देवमाणूस' मी पाहिली ती गावी, लॉकडाऊनमध्ये, आजीशेजारी बसून. आजी डॉक्टरला अशा शिव्या घालायची की सरू आजी तिच्यापुढे बालवाडीत. "मेल्याचं तोंड तर बघा, कसं गोड गोड बोलतंय मुडदा!" आणि सकाळी उठून हीच आजी गावातल्या आमच्या 'डॉक्टर'कडे गुडघ्याची पुडी आणायला जायची. त्यांच्या दारावर पाटी आहे, पाटीवर नावापुढे चार अक्षरं आहेत, त्या अक्षरांचा अर्थ गावात कुणी विचारलेला नाही. पुडी घेतली की तासाभरात गुडघा हलका. महिन्या-दोन महिन्यांत आजीचं तोंड चांगलं गरगरीत झालं. सगळे म्हणायला लागले, म्हातारीची तब्येत सुधारली हो! आजीही खूश. तालुक्याच्या दवाखान्यात काही वेगळ्याच कारणाने नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी तोंडाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, कुठली पुडी खाताय? त्यात स्टेरॉइड होतं. ती तब्येत नव्हती, सूज होती. साखर वाढून बसली होती ती निराळीच. अचानक बंदही करता येईना. हळूहळू कमी करत आणायला पुढचे पाच महिने गेले.

आणि आजी आजही काय म्हणते? "त्यो लई गुणाचा हाय. रात्री दोन वाजता आला हुता तुज्या आजोबाच्या येळेला. तुमची ती बाई आली असती का?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच आला होता तो. मोटरसायकलवर, पावसात, आणि पैसे सुगीला द्या म्हणाला. सरकारी केंद्र नऊ किलोमीटरवर, रात्री तिथे कुलूप. आता बोला! हा माणूस खुनी नाही. लबाडही म्हणवत नाही, तो स्वतःला मनापासून डॉक्टर समजतो. सलाईन लावल्याशिवाय आणि लाल इंजेक्शन टोचल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि पेशंटलाही ते तसंच ठाऊक आहे. आमच्या गावात त्याला देवमाणूसच म्हणतात. मालिका येण्याच्या आधीपासून.

उपहास असतो तो इथे. साडेदहाला टीव्हीतल्या खोट्या डॉक्टरला शिव्या आणि सकाळी नऊला खऱ्याखुऱ्या खोट्या डॉक्टरला नमस्कार. मधे फक्त एक रात्र. लेखकांनी या एका रात्रीकडे बघितलं असतं तरी पुरे होतं. पण मालिकेने डॉक्टरला सैतान करून टाकलं, आणि सैतान केला की प्रेक्षक सुटला. आपल्या गावातला काही रात्री अंधारात खड्डे खणत नाही, म्हणजे आपला खरा. मालिका बघून एकाने तरी आपल्या डॉक्टरला नोंदणी क्रमांक विचारला असेल का? आमच्या आळीत तरी नाही. उलट मालिका संपली की सगळे निवांत झोपायचे.

आणि वेळ काय साधली होती बघा! मार्च 2020 मध्ये आपण थाळ्या वाजवल्या. मे महिन्यात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी इस्पितळांवर फुलं टाकली. डॉक्टर देव झाले. त्याच दिवसांत भाड्याने राहणाऱ्या डॉक्टर-नर्सना खोली खाली करा म्हणणारे घरमालकही होतेच, तेही थाळ्या वाजवूनच आलेले. ऑगस्टमध्ये 'देवमाणूस' नावाची मालिका सुरू होते. एप्रिल 2021 मध्ये लोक रेमडेसिविरच्या एकेका इंजेक्शनसाठी रात्रभर रांगेत उभे, काळ्या बाजारात काय वाट्टेल तो भाव, आणि साडेदहाला टीव्हीवर एक खोटा डॉक्टर इंजेक्शन भरतोय. यापेक्षा जास्त सोय नियती करू शकत नाही. तरी कथेचा गाडा आपला डॉक्टरच्या नजरेवर आणि पुढची बाई कोण यावरच फिरत राहिला.

पोलिसांचं तर बोलूच नये, पण बोलतो. तपासाला गावात येते कोण, तर एसीपी दिव्या सिंग. मित्रांनो, एसीपी हे पद जिथे पोलीस आयुक्तालय असतं तिथे, शहरात. गावाकडच्या जिल्ह्यात एसपी असतो आणि खाली उपविभागीय पोलीस अधिकारी. एवढं तर एमपीएससीची तयारी करणारा आपल्या ब्लॉकमधला कुणीही झोपेतून उठून सांगेल. बरं, आली ती आली, आणि संशयिताच्याच प्रेमात पडली! हे बघताना मला वाटलं होतं, आता धमाल येणार. कारण खुनी जर एवढा लाडका असेल की तपास अधिकारीच त्याच्यावर भाळते, तर हा फार्स म्हणून केवढा खुलेल. पण नाही. व्हायोलिन. हळू चाल. वाऱ्यावर केस. मालिकेला कळलंच नाही की ती विनोदी आहे. पुढे अटक होते, कोर्ट होतं, डॉक्टर परत येतो, आणि इतक्या उलथापालथीत पोलीस ठाणं, पंचनामा, फुटणारा साक्षीदार, पुढच्या तारखा, या आपल्या ओळखीच्या जगातलं काहीही अंगाला लागत नाही.

बायकांबद्दलही लिहायला हवं. ज्या मारल्या गेल्या त्या बहुतेक कशा दाखवल्या? भाळणाऱ्या, लपून भेटणाऱ्या, सोन्याने मढलेल्या. म्हणजे खून व्हायच्या आधीच आपल्या घरातल्या सोफ्यावरून निकाल लागायचा, गेलीच कशाला ती तिथं रात्रीची? आमच्याकडेही लागायचा, आजीसकट. उपहासकाराने नेमकं हे बोलणं पकडलं असतं आणि गावाच्या तोंडी घालून आपल्याला ऐकवलं असतं. बाई गायब झाली तर पळून गेली म्हणायला आपल्याला किती सेकंद लागतात? खुन्याची निम्मी कामगिरी हे वाक्यच करतं. शोध घ्यायचा प्रश्नच उरत नाही. मालिका मात्र या वाक्यावर बोट ठेवायच्या ऐवजी त्याच वाक्याच्या बाजूने उभी राहिली. मला मालिकेत खरोखर वाईट वाटलं ते इथे. बाकीचं फक्त कंटाळवाणं होतं.

आता मालिकेच्या बाजूचं. सरू आजी. रुक्मिणी सुतार यांनी केलेलं हे काम आणि तो टोण्या, बाबू, बज्या, नाम्या हा सगळा गोतावळा, यांच्यात जीव होता. भाषा आमच्याकडची होती, पुण्यात बसून लिहिलेली 'ग्रामीण' नव्हती. सरू आजी एक म्हण टाकायची आणि भल्याभल्यांची उतरवायची. म्हणजे लेखकांना विनोद येत नव्हता असं अजिबात नाही! येत होता, पण तो त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवला. मेसच्या ताटासारखं, भाजी इथे, गोड तिथे, वरण मधल्या वाटीत. विनोद अंगणात चालायचा, खून दवाखान्यात, आणि दोघांची गाठ म्हणून पडायची नाही. सरू आजीच्या त्या जिभेचा एक फटकारा सरपंचाला, एक आरोग्य खात्याला, एक आपल्याच गावाच्या भाबडेपणाला बसला असता तर? ती आपली येता-जाता घरच्यांनाच बोलत राहिली.

लोकांना असलं काही झेपत नाही, टीआरपी पडतो, असं यावर हमखास सांगितलं जातं. हे मला पटत नाही. 1975 सालच्या 'सामना'त मारुती कांबळे नावाच्या माणसाचं नेमकं काय झालं, एवढ्या एका प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा आहे. खून आहे, साखरसम्राट आहे, दारुडा मास्तर आहे, आणि निळू फुल्यांच्या हिंदुराव धोंडे पाटलाला बघून भीती आणि हसू एकाच वेळी येतं. 2011 चा 'देऊळ' घ्या. गाईमागे फिरणाऱ्या केशाला दत्त दिसतात आणि बघता बघता गावात देवाची बाजारपेठ उभी राहते. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि लोकांनी थेटरात जाऊन बघितलाही. गाव देव कसा तयार करतं हे 'देऊळ'ने दाखवलं, गाव देवमाणूस कसा तयार करतं हे दाखवायचं काम या मालिकेकडे आयतं आलं होतं. शिवाय 'चला हवा येऊ द्या'सारखा कार्यक्रम ज्या वाहिनीवर 2014 पासून दहा वर्षं चालला, तिच्या प्रेक्षकाला टोपी उडवलेली कळत नाही असं कुणी म्हणू नये.

मान्य, आठवड्याला पाच-सहा भाग पाडायचे तर विचार करायला सवड कुठून मिळणार. संध्याकाळी शूट, रात्री एडिट, उद्या प्रक्षेपण, हा कारभार आदल्या रात्री जर्नल लिहिणाऱ्यांना समजू शकतो. पण आदल्या रात्री लिहिलेल्या जर्नलवर सही मिळते म्हणून ते चांगलं ठरत नाही, आणि इथे तर तीन पर्वं मिळाली. तीनदा परीक्षेला बसायला मिळालं!

तिसऱ्या पर्वात काय केलं माहितीये? खुन्याला शिंपी केलं. स्टेथोस्कोपच्या जागी गळ्यात टेप. तीच नजर, तेच गोड बोलणं, तेच ढोल. तो डॉक्टर होता म्हणजे नक्की काय होतं, गावाने त्याच्या हातात नाडी का दिली, रात्री दोन वाजता दार वाजवायला दुसरं कुठलं दार का नव्हतं, हे पाच वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं, हे त्या टेपवरून एकदाचं कळलं. आजीला मी फोनवर विचारलं, नवीन बघतेस का? म्हणाली, "बघती की. पर शिंप्याचं काय भ्या वाटंना. ब्लाउज तर आमी तालुक्यालाच टाकतो."